जंतू नक्की कोणाचा

माझा जंतू गोचिडीच्या पेशींमध्ये राहतो. बाहेर काढला की मेला. तीन वर्षं मी त्याला पेशींसकट बाटलीत जपला होता. बाटली एकच, आणि माझी सगळी पीएचडी तिच्यात. शुक्रवारी सकाळी आमचा इन्क्युबेटर बंद पडला. संध्याकाळपर्यंत दुसरीकडे जागा मिळाली नाही तर खेळ खलास.

कॉरिडॉरमध्ये समोरासमोर दोन विभाग. जिवाणूंच्या प्रमुख ताई, विषाणूंच्या वहिनी. सख्ख्या नणंद-भावजय. घराच्या वाटणीपासून बोलणं बंद.

ताईंनी बाटली उजेडात धरली. "आमच्या खाद्याच्या प्लेटवर वाढतो?"

"नाही, फक्त पेशीत."

"मग आमचा कसा? दुसऱ्याच्या घरात फुकट राहतो, तो विषाणू. वहिनींकडे ने."

वहिनी चहा पीत होत्या. "याला भिंत आहे? एकाचे दोन होतात?"

"हो."

"मग जिवाणूच. ताईंना म्हणावं, तीस वर्षं शिकवताय, एवढं तरी ओळखा."

"तुम्हीच सांगा ना. दार उघडंच आहे."

"मी नाही बोलत."

सात फेऱ्या झाल्या. बाटली गार पडू नये म्हणून मी ती स्वेटरच्या आत धरून फिरत होते. शिपाई म्हणाला, "बाई, पोटात दुखतंय का?"

साडेचारला वहिनी विरघळल्या. "ठेव आमच्याकडे. पण रजिस्टरमध्ये विषाणू लिहिणार नाही. 'पाहुणा' लिहिते."

सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशी कशा टवटवीत. नको तितक्या टवटवीत. जंतू औषधालाही नाही.

"वहिनी, यात काही घातलंत?"

"नेहमीचं अँटिबायोटिक. आमच्याकडे पेशींच्या प्रत्येक बाटलीत घालतात, नाहीतर जिवाणू शिरतात."

"यात तो शिरलेलाच होता. त्याच्यासाठीच तर बाटली होती."

"मग सांगायचं नाही का?"

सात वेळा सांगितलं होतं.

एवढ्यात ताई कॉरिडॉर ओलांडून चक्क आत आल्या. "अँटिबायोटिकने मेला? मग जिवाणूच. आमचाच." त्यांनी 'पाहुणा' खोडलं, विभागाचं नाव लिहिलं, सही ठोकली. "आण, माझ्या कप्प्यात ठेवू."

"ताई, तो मेलाय."

"असू दे. वर्गीकरण तर झालं."

"मी शुक्रवारपासून हेच सांगतेय," वहिनी म्हणाल्या, आणि नणंदेसाठी खुर्ची ओढली.

दोघींचं जमलेलं पाहून मी मुदतवाढीचा अर्ज पुढे केला.

"तीन वर्षं?" दोघी एकदम म्हणाल्या. "एवढी कशाला?"