हाजा सित्तलबनातचा तंबू

ब्रिगेडियर अवद घरात शिरला तो नेहमीसारखाच. दार न वाजवता, उंबऱ्याजवळच्या रांजणातलं पाणी पिऊन, हातात साखरेचं पोतं घेऊन. गणवेशातला माणूस असा सरळ आत आला तर ओम्दुरमान शहरातल्या बायका आजकाल पोरं आत ओढतात. पण अवदची गोष्ट वेगळी. तो जन्मला तेव्हा त्याची आई तापाने फणफणली होती, आणि शेजारच्या सित्तलबनातच्या मांडीवर नुकतीच जन्मलेली अलवीया होती. सित्तलबनातने एका अंगाला लेक घेतली, दुसऱ्या अंगाला हा. तेव्हापासून तो दूधभाऊ. दूधभावाला दार नसतं की पडदा नसतो. त्याच्यावर संशय घ्यायचा तर आधी आपल्या आईच्या दुधावर घ्यावा लागतो, आणि ते कोण घेणार?

"आई, कॉफी पाज. डोकं उठलंय," म्हणत तो बाजेवर आडवा झाला.

"साखर कुणाची?" म्हातारीने विचारलं. हजहून आल्यापासून सित्तलबनातला सगळा मोहल्ला हाजा म्हणे.

"आपल्याच कारखान्याची."

"आपल्या म्हणजे फौजेच्या. पीठ तुमचं, साखर तुमची, बसगाड्या तुमच्या, सोन्याची खाण तुमची. सरकार तेवढं आमचं होतं, तेही म्हणे तुम्हीच सांभाळायला घेतलंय."

अवद मनापासून हसला. हेच वाक्य चहाच्या टपरीवर कोणी बोलला असता तर रात्री त्याच्या घरच्यांना पोलीस चौकीच्या चकरा माराव्या लागल्या असत्या. म्हातारीला मात्र सगळं माफ होतं. तिने बिया भाजायला घेतल्या, आलं ठेचलं, आणि वासाने घर भरलं.

अलवीया मात्र दाराला टेकून उभीच राहिली. तो कशाला आलाय हे तिला ठाऊक होतं.

"रविवारी बोलणार म्हणे तुझा भाऊ," अवद छताकडे बघत म्हणाला.

"बोलावलंय त्याला. सरकारनेच नेमलेली समिती आहे."

"कोणतं सरकार गं? ते सूटवाले? सही कुठे करायची हेसुद्धा आमचा कारकून त्यांना बोटाने दाखवतो."

ते खोटं नव्हतं. लोकांनी रस्ते भरून म्हाताऱ्या हुकूमशहाला घालवला, आणि मग जे सरकार आलं त्यात खाली मंत्री आणि वर सेनापती. त्या गडबडीतच एका पहाटे चौकात बसलेल्या पोरांवर गोळ्या चालल्या. कितीतरी आया अजून मुलांच्या चपला घेऊन फिरत होत्या. लोक हटेनात, तेव्हा वकील बाबिकिर यांची चौकशी समिती नेमली गेली. फौजेला वाटलं, वकील आहे, कागद खात बसेल. पण बाबिकिर हट्टी निघाले. त्यांनी साक्षीदार शोधला. तो साक्षीदार म्हणजे अलवीयाचा धाकटा भाऊ मुझम्मिल, फौजी जीपचा ड्रायव्हर. गोळ्या घालायचा हुकूम जीपमधून वायरलेसवर गेला, आणि चाकावर तो होता. हुकूम कोणी दिला ते नाव तो रविवारी भर सभेत, रेडिओसमोर सांगणार होता. बहिणीलाही त्याने ते सांगितलं नव्हतं. "तू ऐकलंस तर तुलाही लपावं लागेल," एवढंच म्हणाला होता.

"तो कुठे आहे, अलवीया?"

"मला काय माहीत."

"मी त्याचा भाऊ नाही का? नोकरी कोणी लावली त्याला? वरच्यांना समजावतो मी, तो परदेशात जाईल, मजेत राहील." अवद उठून बसला. "आणि त्याला ऐकू तरी काय आलं असणार? इंजिन चालू होतं, वायरलेस खरखरत होता, शेजारी पोरं बोंबलत होती. चुकीचं नाव घेतलं तर एखाद्याचं घर बसेल."

"चुकीचं असेल तर समिती बघेल ना."

त्याने कॉफी संपवली, म्हातारीच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि तिचा हात हातात धरून थांबला. "आईचे पाय सुजलेत. तुमचं लक्ष कुठे असतं? उद्या गाडी पाठवतो. आमच्या दवाखान्यात दाखवू."

अलवीयाला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगायचं. माणूस कसाही असो, आईची काळजी करतो, असं ती मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. फौजी दवाखान्यात फरशी चकचकीत, नर्स गोड बोलणाऱ्या. म्हातारीला खाटेवर झोपवलं, सलाईन लावलं. "आज ठेवून घेऊ, तुम्ही कपडे घेऊन या," असं अलवीयाला सांगितलं. ती घरी आली, आईची तोब, अंगभर गुंडाळायचं लुगडं, घडी करत होती, आणि मशिदीचा भोंगा खरखरला. बांग देणाऱ्या मुअज्जिन शेख तोमचा आवाज भरून आला होता.

"मोहल्ल्यातल्या लोकांनो, आपली हाजा सित्तलबनात देवाघरी गेली. दवाखान्यातून आताच निरोप आलाय. संध्याकाळच्या नमाजाआधी दफन."

अलवीया खाली बसली. पुढचा तास तिला नीट आठवत नाही. शेजारणी छाती पिटत आत आल्या, कोणीतरी तिच्या डोक्यावर तोब ओढली, बाहेर पुरुषांनी बांबू रोवून तंबू उभा केला, खुर्च्या आल्या, चहाचं पातेलं चढलं. खातरजमा कोण करतो? आमच्याकडे मरणाची बातमी कानावर पडली की माणूस आधी धावत सुटतो. उशिरा पोचलेल्याला लोक विसरत नाहीत, आणि न आलेल्याला तर माफच करत नाहीत.

आणि मुलगा? आईच्या जनाज्याला खांदा न दिलेला मुलगा जन्मभर कुठे तोंड दाखवणार?

मुझम्मिल नदीपलीकडच्या वीटभट्टीवर लपला होता, हे एकट्या अलवीयाला माहीत होतं. बाबिकिरांनी तिला निक्षून सांगितलं होतं, काही झालं तरी फोनवर त्याचं नाव घ्यायचं नाही, फोन ऐकले जातात. तिने घेतलं नव्हतं. अवदने विचारलं तेव्हा डोळ्यांची पापणीसुद्धा हलू दिली नव्हती. पण आता तिने फोन उचलला आणि भट्टीच्या मुकादमाला लावला. "त्याला सांगा, आई गेली. मुझम्मिलला म्हणावं, लगेच निघ."

दुपार कलली. प्रेत यायला उशीर होत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून काठी टेकत एक म्हातारी उतरली. तंबू बघून तिने पदर सारखा केला, घरात शिरली, चेहरा पाडून, मेलेल्यासाठी फातिहा वाचायला तळहात वर उचलायला लागली आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "कोण गेलं गं? मला कोणी कळवलं कसं नाही?"

शेजारणीच्या हातातलं चहाचं तबक खाली पडलं.

"मला तिथे नुसतं झोपवून ठेवलंय," हाजा सित्तलबनात तणतणत होती. "औषध नाही, डॉक्टर नाही. विचारलं तर म्हणतात थांबा. दारातली नर्स चहाला गेली तशी मी सुई काढली आणि आले निघून. काय बघताय सगळ्या?"

बायका हसायला लागल्या, रडायला लागल्या, तिला चाचपून बघायला लागल्या. शेख तोम दारात कपाळ बडवत उभा होता. एकटी अलवीया हलली नाही. हे मरण मोहल्ल्यासाठी पुकारलेलंच नव्हतं. ते तिच्यासाठी पुकारलं होतं, तिने फोन उचलावा म्हणून.

तिने पुन्हा भट्टीला फोन लावला. मुकादम म्हणाला, "तो तर तेव्हाच निघाला, बाई. रडत पळाला. पुलाच्या अलीकडे दोन जीप उभ्या होत्या, असं आमचा गाढववाला सांगत होता."

अवदचं कालचं बोलणं तिच्या कानात आता कुठे वाजलं. इंजिन चालू होतं, वायरलेस खरखरत होता. जीपमध्ये बसल्याशिवाय हे कोणाला कळणार? मागच्या सीटवर तोच होता. हुकूम त्यानेच दिला होता.

तिने आईच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती, मार खायची होती. म्हातारीने लेकीचं डोकं मांडीवर ओढलं. "दूध मी पाजलं," ती म्हणाली. "तू फोन केलास. आपण दोघींनी अवदला घरात घेतलं. आता उठ."

बाहेर पुरुष तंबूचे दोर सोडत होते. म्हातारीने काठी आपटली. "राहू द्या. तंबू कोणासाठी उभारलाय ते कळल्याशिवाय उतरवायचा नाही."

तिने आपलं बुटकं स्टूल उचललं आणि पुरुषांच्या तंबूत, अगदी समोर, नेऊन ठेवलं. मोहल्ल्यात असं कोणत्या बाईने केलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगे, "हात उचलू नका. फातिहा वाचायची नाही. इथे कोणी मेलेलं नाही. बसा, चहा घ्या." सवयीने वर येणारे हात लोक खाली घेत आणि मुकाट्याने बसत. पहिल्या दिवशी चुकणारे बरेच होते. दुसऱ्या दिवशी तर दूरच्या मोहल्ल्यातले लोकसुद्धा हात बगलेत दाबून येत. हाजाच्या तंबूत हात उचलायचे नाहीत, ही गोष्ट ओम्दुरमानभर झाली होती.

रविवार आला. सभागृहाच्या दाराला कुलूप होतं. रेडिओवर मंत्र्याने निवेदन वाचलं, सुरक्षेच्या कारणास्तव समितीचं काम पुढील आदेशापर्यंत थांबवलंय. वाचताना तो दोनदा अडखळला. दुसऱ्याचं अक्षर असावं. बाबिकिर कुलूप बघून सरळ तंबूत आले आणि हाजाशेजारच्या खुर्चीवर बसले.

"कुठे कुठे विचारलंत?" अलवीयाने दारातूनच विचारलं.

"सगळीकडे. छावणी म्हणते, असा माणूस आमच्याकडे नाही. पोलीस म्हणतात, छावणीला विचारा. मंत्री म्हणतात, मला विचारू नका." बाबिकिरांनी चष्मा पुसला. "मेलाय असं कोणी म्हणत नाही. जिवंत आहे असंही म्हणत नाही."

"जिवंत असेल," अलवीया म्हणाली. तिला ते म्हणणं भाग होतं. नाहीतर तिच्या एका फोनने त्याचा जीव घेतला होता.

गल्लीतल्या गर्दीची वर चर्चा झाली असणार. मेल्या माणसाविना उभा राहिलेला तंबू सेनापतींना खुपायला लागला. तो उतरवायला त्यांनी कोणाला पाठवावं? घरच्याच माणसाला.

त्याच रविवारी भर दुपारी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. अवद उतरला. आज गणवेश नव्हता, पांढरा पायघोळ झगा होता, डोक्याला पागोटं. मागे दोन शिपाई चहा-साखरेची पोती घेऊन. सगळ्यांना माहीत होतं की त्याला सगळं माहीत आहे. म्हातारी दवाखान्यातून उठून आली, हे त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं. आज तो हसत येणार, आईच्या गळ्यात पडणार, भोंग्याची चूक झाली म्हणणार, असं बाबिकिर आधीच पुटपुटले होते.

अवद तंबूच्या कनातीखाली वाकला, आत आला, सरळ उभा राहिला. आणि त्याचे हात वर गेले. दोन्ही तळहात छातीसमोर उघडे, मान खाली, ओठ हलायला लागलेले. लहानपणापासून हजार तंबूंत उचललेले हात. ते त्याला न विचारता उचलले गेले.

एरवी एकाने हात उचलले की सगळा तंबू उचलतो. आज एकही हात हलला नाही. अवदचे ओठ थांबले. त्याने मान वर केली आणि समोर स्टूलावर बसलेली सित्तलबनात त्याला दिसली.

"कोणासाठी रे, अवद?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता, जेवलास का विचारावं तसा.

त्याने हात खाली घेतले. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"मी तर इथे बसलेय. तुला ठाऊक होतं मी बसलेय. आणि माझ्या घरात हरवलेला एकच आहे."

"आई, सवयीने—"

"दोन दिवस झाले, सगळा गाव सवय आवरून येतोय. तुलाच कशी आवरली नाही?"

दारातून अलवीया ते बघत होती. तिच्या घशातून एक आवाज निघाला, आणि मागच्या बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. मुझम्मिल गेला, हे आता कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

बाबिकिर उठले. "ब्रिगेडियरसाहेब, सभागृहाला कुलूप आहे. पण साक्ष झाली."

अवदने मागे वळून शिपायांकडे पाहिलं. पोती खाली ठेवून तेही जमिनीकडे बघत होते.

म्हातारी काठीवर जोर देऊन उभी राहिली. ती जेमतेम त्याच्या छातीपर्यंत येत होती. लहानपणी धरायची तसे तिने त्याचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते नंतर आलं, आणि मग कितीतरी दिवस थांबलं नाही.

"पाजलेलं दूध मी परत मागत नाही," ती म्हणाली. "माझा पोरगा दे. आईला खांदा द्यायला तो निघाला होता. त्याला खांदा द्यायला ही माणसं बसलीत."

खुर्च्या सरकल्या. सगळा तंबू उभा राहिला होता. कोणी अवदला हात लावला नाही, कोणी वाईट शब्द बोललं नाही. फक्त गल्लीच्या तोंडापर्यंत माणसं उभी होती, आणि त्याच्या गाडीपर्यंत जायला कोणी वाट देत नव्हतं.