दोन नळ्या

बॉनेट उघडण्याआधी सासूबाईंनी गाडीची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. इंजिन गार झाले आहे ना, हे हात लावून पाहिले आणि मग जावयाला म्हणाल्या,

"तुम्ही बसा ना खुर्चीत. कपडे खराब होतील."

जावई बसला नाही. तो शाळेत व्याकरण शिकवायचा आणि तीन दिवसांपूर्वी बाप झाला होता. उद्या सकाळी बायकोला आणि लेकीला दवाखान्यातून आपल्याच गाडीने घरी आणायचे, असे त्याने कबूल केले होते. पण काल धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली. चालकासमोरचा इंजिनाचा पिवळा दिवा काही केल्या विझेना. तपासणी केंद्र सहाला बंद व्हायचे आणि आता चार वाजले होते. सासूबाई तीस वर्षे गॅरेज चालवत होत्या. त्यांच्याकडे येणे भागच होते, आणि तेच त्याला जड गेले होते. लग्नाला तीन वर्षे होऊनही त्या त्याला 'तुम्ही' म्हणायच्या, दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावे तसे.

त्यांनी इंजिनाच्या कडेला असलेली काडेपेटीएवढी डबी सोडवली. तिच्या दोन्ही रबरी नळ्या काढताना एकीला लाल दोरा बांधला, म्हणजे परत लावताना घोळ नको. याला सोलेनॉइड म्हणतात, त्यांनी सांगितले. वीज मिळाली की आतले झाकण उघडते, इंजिनाची हवा खेचणारी ओढ पुढच्या झडपेपर्यंत पोचते आणि जळका वायू थोडा परत आत जाऊन पुन्हा वापरला जातो. हे थांबले की गाडी हवा नासवते.

डबी त्यांनी गाडीपासून लांबच्या टेबलावर नेली. जिथे पेट्रोलचा वास, तिथे ठिणगीचा खेळ नको. आधी मीटर लावला. गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात होता तेवढाच आकडा आला. म्हणजे आतली तार शाबूत होती. मग टेबलावरच्या बॅटरीकडून फ्यूज घातलेल्या दोन तारा आणल्या. मदत करावी म्हणून जावयाने घाईघाईने तारांच्या टोकांचे दोन्ही चिमटे एकाच मुठीत उचलले.

"अरे, थांब. एकाला एक लागू देऊ नकोस. एका हातात एकच धर."

त्यांच्या ते लक्षातही आले नाही. व्याकरणाच्या मास्तराच्या मात्र लगेच आले. तो चिमटे दोन हातांत धरून नुसता उभा राहिला.

"लाव आता. क्षणभरच."

त्याने लावले. टिक्. त्याने काढले आणि न सांगता पुन्हा लावले. टिक्. तिसऱ्यांदाही त्यांनी त्याला अडवले नाही. मग त्यांनी हातपंपाने डबीतली हवा ओढली. पंपावरचा काटा चढला आणि जागचा हलला नाही. वीज दिली, तसा तो झटकन शून्यावर आला.

"डबी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या आणि कपाळाला आठी घालून गाडीकडे बघत राहिल्या. घड्याळात पावणेपाच झाले होते.

जावयाने चिमटे खाली ठेवले. एक गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. आत्ता गप्प बसला असता, तर ती कुणालाच कळली नसती.

"मागच्या महिन्यात मी इंजिन पुसलं होतं," तो म्हणाला. "या नळ्या काढल्या होत्या. परत लावल्या अंदाजानं. आणि बॉनेटखाली आकृतीचा एक कागद चिकटवलेला होता, तोही घासताना निघाला."

सासूबाईंनी चष्मा नाकावर चढवला. मग पुस्तक उघडून आकृतीवर बोट ठेवले, लाल दोरा पाहिला. नळ्या उलटसुलट होत्या. हसू दाबताना त्यांचे खांदे हलू लागले. शेवटी त्यांना स्टुलावर बसून चष्मा पुसावा लागला.

मग त्यांनी त्याला आपली एक गोष्ट सांगितली. नव्यानेच शिकत होत्या तेव्हा त्यांनी एका डॉक्टरच्या गाडीची हॉर्नची तार ब्रेकच्या दिव्याच्या तारेला जोडली होती. बिचारे डॉक्टर ब्रेक दाबायचे, की हॉर्न वाजायचा. दर चौकात शिव्या खात ते घरी गेले.

"तुझ्या सासऱ्यांनाही माहीत नाही हे," त्या म्हणाल्या. "तुझंही मी कुणाला सांगणार नाही. आता लाव तूच."

त्याने नळ्या लावल्या. त्यांनी छोटे यंत्र जोडून पिवळा दिवा विझवला. सहाला दहा मिनिटे असताना गाडी पास झाली. पावती घेताना जावयाच्या हाताचे काळे ठसे तिच्यावर उमटले.

सकाळी दवाखान्याच्या दाराशी त्याने सासूबाईंची जीप शोधली. वेळप्रसंगी असावी म्हणून त्या ती आणतील, अशी त्याची खात्री होती. त्या बसने आल्या होत्या.

सगळी गाडीत बसली. बायको आणि लेक मागे, त्यांच्या शेजारी सासूबाई. आई दुसऱ्याच्या गाडीत बसली की इंजिन ऐकत राहते, बायको हळूच म्हणाली, आणि दुसऱ्या चौकाच्या आत एक तरी खोट काढतेच.

पहिला चौक गेला, दुसराही गेला. मागून काहीच ऐकू येईना, तेव्हा त्याने आरशात पाहिले. नातीच्या पायावर हात ठेवून त्या गाढ झोपल्या होत्या.