दौंडचं माप

सहा वर्षांच्या करुणाला दमा उठला तेव्हा शिरूरच्या डॉक्टरांनी मशीनची वाफ दिली आणि सोबत स्टेरॉईडचं कडू सिरप. रोज सकाळी, खाऊन, पाच दिवस. दुसऱ्याच दिवशी आमची नात अंगणभर पळायला लागली.

त्याच दुपारी माझी सून शितल हिच्या आईचा, दगडाबाईंचा, दौंडवरून फोन आला. "विहीणबाई, आमच्या धाकल्या नातीला बी असंच झालं व्हतं. दोन दिस औषध, बास. त्ये बी स्टेरॉईडच. पाच दिस पाजून पोरीचं तोंड भोपळ्यावानी करायचंय व्हय?"

तो भोपळा काही डोळ्यांसमोरून हलेना. तसंही आम्ही शेवंती लावणारी माणसं. माव्याची कीड गेली की फवारणीचा पंप धुऊन ठेवतो, उगीच झाड जाळत नाही. तिसऱ्या सकाळी शितल फुलं तोडायला गेली. करुणानं बाटली बघून तोंड फिरवलं, आणि मी ती सरळ फडताळात ठेवली. शितलनं विचारलं तर म्हणाले, "दिलं." चौथ्या सकाळीही तेच.

दुपारी जेवताना पोरगी मध्येच थांबली. घास तोंडात तसाच. फ्रॉक वर केला तर बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. शितलनं स्कूटी काढली. आमच्या इनामगावाहून शिरूर एवढं लांब कधी वाटलं नव्हतं. मध्ये बसलेल्या करुणाच्या पाठीतली शिट्टी माझ्या छातीला कळत होती.

वाफ लावून डॉक्टर म्हणाले, "चार डोस होऊनही असं? मग पुण्याला हलवावं लागेल."

शितल भिंतीला टेकली.

"चार न्हाई, दोनच," मी म्हणाले. "मी दिलंच न्हाई. दौंडच्या पोरीला दोन दिवसांत..."

"आजी, तिचं औषध वेगळं असणार." मी पन्नाशीची, पण तेव्हा आजी ऐकून घेतलं. "ते अंगात जास्त वेळ टिकतं, म्हणून दोन दिवस पुरतं. हे लवकर उतरतं. दोन्ही चांगली, पण त्याचं माप याला लावायचं नाही. आता आधी चुकलेला डोस देऊ, मग तासभर बघू."

शितलनं पिशवीतून बाटली काढून माझ्यापुढं धरली.

"तुम्हीच पाजा, आत्या. उद्या बी तुम्हीच. मी समोर बसंन."

मापाचं झाकण मात्र तिनंच भरलं.