खणात न मावणारा घाटा

मी पातेल्यात ढवळायचा एक जुना लाकडी घाटा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. मला विस्तवाची भीती वाटते, करवतीची वाटते, कुत्र्याच्या दातांची वाटते. तीस वर्षं उकळत्या पातेल्यात काढली, तरी आधण आलं की माझ्या पोटात गोळा येतोच. घाट्याला कुठलं आलंय पोट, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

गुटू गावाच्या बाजारात एका सुतारानं मला तासलं. लालसर लाकूड, लांब दांडा, पुढे पसरट पातं. तिथे एक बाई मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आली होती. तिनं ढिगातले सगळे घाटे हातात तोलून पाहिले आणि मला उचललं. ती बाई आता म्हातारी आजी झाली आहे. तिची मुलगी शुवाई मला घेऊन मस्विंगोला सासरी आली, आणि तिच्याच हातात माझं आयुष्य गेलं.

सादझा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आमच्याकडे दोन्ही वेळा लागते. ती पातळ असते तेव्हा चटक्याचे शिंतोडे उडवते, आणि घट्ट होत आली की दांडा मोडेल इतकी ताकद मागते. शुवाईच्या हाताला दोन्ही जमायचं. लग्नाला, मयताला, चर्चच्या जेवणाला तिला बोलावणं यायचं आणि तिच्याबरोबर मीही जायचो. ‘शुवाईच्या सादझात गुठळी सापडली तर मला आणून दाखवा,’ असं बायका म्हणायच्या, आणि मी मनातल्या मनात फुगायचो. तिचा मुलगा गरिकाई लहान होता तेव्हा त्याच्या पाठीला मी दोनदा भेटलो. त्यानंतर मला नुसतं उचललं तरी त्याचा अभ्यास सुरू व्हायचा.

माझी जागा ओट्याखालच्या पहिल्या खणात होती. काय नव्हतं त्या खणात! झारे, चमचे, सुऱ्या, बाटल्यांची बुचं, मेणबत्तीचे तुकडे, रबरबँड, कधीकाळची औषधं, सगळं एकमेकांच्या अंगावर. माझा दांडा लांब, म्हणून खण कधी पुरता मिटलाच नाही. चार बोटं उघडा राहायचा. शुवाईला त्याचं काही नव्हतं. ती न बघता हात घालायची आणि हवी ती वस्तू बरोब्बर काढायची.

पुढे गरिकाईचं लग्न झालं आणि नेत्साई सून म्हणून आली. तिनं आपले चमचे, आपली पातेली, आपला घाटा बरोबर आणला. मुलगी कामसू, पण टापटिपीची भारी हौस. तो उघडा खण तिच्या डोळ्यांत खुपायचा. येता-जाता गुडघ्यानं ढकलून बघायची. सासूपुढे त्याबद्दल बोलायची मात्र तिची छाती झाली नाही. त्यांना मुलगी झाली, मुफारो. ती चार वर्षांची झाली तरी खण तसाच उघडा होता.

मग त्या वर्षीच्या थंडीत शुवाईच्या छातीत कफ धरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. सासू घरी येईल तेव्हा तिला स्वयंपाकघर लखलखीत दिसावं, असं नेत्साईनं मनात घेतलं. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणेन. तिनं तिन्ही खण चटईवर पालथे केले. पुसून घेतले, तळाला कागद घातला. साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून कप्पे केले. एका कप्प्यात चमचे, एकात सुऱ्या, एकात झारे. सासूचे आणि स्वतःचे एकत्र. मित्रांनो, आमच्याकडे असं कोणी करत नाही. बाईच्या चुलीपाशी जे असतं ते तिचं असतं, नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही. ती गेली की ते तिच्या माहेरी परत जातं. त्यातला एक चमचा जरी मागे ठेवून घेतला तरी गेलेली आई कोपते, आणि तिचा कोप घरातल्या सगळ्यांत लहान जिवावर उतरतो. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण शुवाई कुठे गेली होती? ती तर औषध घेऊन परत येणार होती.

सगळ्यांत शेवटी आमची पाळी आली. नेत्साईनं मला आणि तिच्या घाट्याला तारेच्या घासणीनं घासलं, पॉलिश पेपर मारला, तेल चोळलं. माझे जुने डाग गेले. तेवढं मी सोसलं. मग तिनं नवऱ्याची करवत आणली.

मुफारो शेजारी उकिडवी बसली होती. “आई, त्याला दुखेल ना?”

“लाकडाला कुठे दुखतं गं? खण बंद व्हायला नको का?”

दुखतं, मित्रांनो. करवतीचा पहिला दात लागला तेव्हा ओरडायला तोंड नाही याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं. माझ्या दांड्याचं टोक खाली पडलं आणि मी नेत्साईच्या घाट्याएवढा झालो. तिनं आम्हाला शेजारी-शेजारी ठेवलं, खण ढकलला, आणि तो सुळकन मिटला. ती किती वेळ उघडून मिटून बघत होती.

पाचव्या दिवशी शुवाई दवाखान्यातच गेली.

मयताला एस्नाथ आत्या आली. ही गरिकाईच्या वडिलांची बहीण. घरातला शेवटचा शब्द तिचा. माणसं पांगली तेव्हा तिनं भावजयीची भांडी बांधून ठेवायला खण उघडला आणि बघतच राहिली.

“ह्यातलं वहिनीचं कोणतं?”

नेत्साईनं खणात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

“अगं, तुला विचारतेय. चमच्यांत चमचे, सुऱ्यांत सुऱ्या. दुकान मांडलंयस होय? बाईचं बाईपाशी ठेवायचं, हे तुझ्या आईनं शिकवलं नाही?”

“मला वाटलं आई परत येतील, आत्या.”

दोघी चटईवर बसल्या. नेत्साईच्या चमच्यांवर फुलं होती, ते वेगळे निघाले. शुवाईच्या पातेल्यांची बुडं काळी होती, तीही निघाली. सुऱ्या निघाल्या, झारे निघाले. उरलो आम्ही दोघं. आत्यानं आम्हाला उलटंसुलटं करून पाहिलं. “तुझा कोणता?” तिनं विचारलं. नेत्साईनं एकदा मला उचललं, एकदा त्याला, आणि दोघांना परत चटईवर ठेवलं.

“बाईला स्वतःचा घाटा कळत नाही,” आत्या म्हणाली. “धन्य आहे.”

गरिकाई दारात उभा होता. “एवढं काय त्यात? दोन्ही देऊन टाकू मामाकडे.”

“दे की. जित्या बाईचा घाटा घराबाहेर गेला म्हणजे बाईच घराबाहेर गेली. मग दुसरी बघ स्वतःसाठी.” आत्या नेत्साईकडे वळली. “आणि सासूचा ठेवलास, तर पोरीला सांभाळ. मी आधी सांगितलं नाही असं म्हणू नकोस.”

आत्यानं आम्हाला एका फडक्यात बांधून कपाटावर ठेवलं. तीन महिन्यांनी माहेरची माणसं येणार होती, तोवर आम्हाला कोणी हात लावायचा नव्हता. नेत्साई शेजारणीकडून मागून आणलेल्या घाट्यानं रांधायची. मुफारो जरा खोकली की हातातलं काम टाकून तिच्या कपाळाला हात लावायची. मी फडक्यात पडून हे ऐकत होतो. मला सगळं ठाऊक होतं. मी कोण, तो कोण, मला पुरतं ठाऊक होतं, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. माझ्यामुळे त्या चिमुरडीला काही झालं तर, या विचारानं मी लाकडाचा असूनही गारठलो.

ठरलेल्या शनिवारी मामा टेंपो घेऊन आला आणि त्याच्याबरोबर आजीही, बाजारात मला निवडणारी शुवाईची आई, आली. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अंगणात चटईवर शुवाईची सगळी भांडी मांडली होती. नेत्साई गुडघ्यांवर बसली, आमच्या रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून तिनं नमस्कार केला आणि झालेली चूक सगळ्यांसमोर सांगितली. मग आम्हा दोघांना तिनं आजीपुढे ठेवलं. आजीनं माझा दांडा चाचपला. मी जीव मुठीत धरून पडलो होतो. ओळख, म्हणत होतो, तूच तर मला निवडलंस. पण डाग नव्हते, दांडा आखूड झाला होता, आणि म्हातारीचे डोळे भरून आले होते. तिनं मला खाली ठेवलं आणि दुसऱ्याला छातीशी धरलं.

“ही माझी शुवाई,” ती म्हणाली.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. टेंपो गेला. आत्यासुद्धा गेली. माझी मात्र बोबडी वळली होती, नसलेली.

संध्याकाळी नेत्साईनं तीन महिन्यांनी प्रथमच आपला म्हणून घाटा हातात घेतला, म्हणजे मला. मुफारो भुकेजली होती. सादझा अजून होत होती, तेवढ्यात तिनं काठावरचा एक घास बोटानं काढून तोंडात टाकला. त्याच वेळी मी नेत्साईच्या हातात घसरलो. पुन्हा घसरलो. शुवाई डावरी होती, मित्रांनो. तीस वर्षं तिनं मला पातेल्याच्या कडेनं डाव्या हातानं फिरवलं, त्यानं माझ्या पात्याची एकच कड झिजून पातळ झाली आहे. पॉलिश पेपरनं डाग जातात, अशी झीज जात नाही. उजव्या हातात मी नीट चालूच शकत नाही. नेत्साईनं मला डाव्या हातात घेऊन एक फेरा मारला, आणि मी गुमान फिरलो. मी कोण ते तिला कळलं, आणि तिनं मला पातेल्यातून उपसलं.

“थुंक,” ती मुलीला म्हणाली. “थुंक आधी.”

“गिळलं,” मुफारो म्हणाली.

सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही गुटूकडे निघालो. मी फडक्यात गुंडाळलेला, मुफारो मांडीवर. रात्री ती दोनदा खोकली होती. साधाच खोकला, धुळीचा, पण नेत्साई वाटभर तिच्या छातीला कान लावत होती. आजीला काय सांगायचं ते तिनं बसमध्ये शंभर वेळा पुटपुटून पाहिलं.

आजीची गोल झोपडी. आत मातीच्या फळीवर शुवाईची पातेली ओळीनं लावलेली, आणि खुंटीवर तो दुसरा घाटा. आजीनं नेत्साईला ओळखलं, जवळ बसवलं.

“बरं झालं आलीस गं,” ती म्हणाली. “काल येताना मी हिला मांडीवरच घेऊन बसले. सांगशील तर खोटं वाटेल, पण हिचा हात अजून गरम लागतो. अजून चुलीवर नाही घेतली. आज तुम्ही आलात, तर आज घेते. बस, परसातून भाजी खुडून आणते.”

नेत्साईनं मुफारोला जवळ ओढलं. त्या म्हातारीला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तू छातीशी धरलीस ती तुझी लेक नव्हती? आणि न सांगावं, तर सासूचा घाटा आपल्यापाशीच राहणार, आजी दुसऱ्या बाईच्या घाट्यानं रांधणार आणि आपली पोर ते खाणार. आजी काठी टेकत बाहेर गेली. नेत्साई उठली. तिनं मला फडक्यातून काढलं. बाहेर कोंबड्या फडफडल्या आणि ती जागच्या जागी थिजली. दुखवट्याच्या घरात भांड्याला हात घालताना कोणी पाहिलं असतं तर चोर म्हणून साऱ्या गावात नाव झालं असतं. तिनं तो घाटा खुंटीवरून काढला, मला अडकवलं, आणि दुसरा फडक्यात कोंबला.

“आई, तो तर...” मुफारो म्हणाली.

नेत्साईनं तिच्या तोंडात शेंगदाणे भरले.

आजी भाजी घेऊन आली. पाणी ठेवलं. पीठ घातलं. मला खुंटीवरून काढलं आणि पातेल्यात बुडवलं. तिनं एक फेरा मारला आणि ती थांबली. पात्याची कड अंगठ्यानं चाचपली. मग मला डाव्या हातात घेतलं आणि हळूहळू फिरवायला लागली. नेत्साई भिंतीला टेकून बसली होती, फडकं पाठीमागे दडवून.

“आलीस होय गं,” आजी माझ्याकडे बघून म्हणाली. “सुनेनं पोचवलं म्हणायचं.”

नेत्साई रडायला लागली. आजीनं मागे वळून पाहिलं नाही. सादझा घट्ट होईपर्यंत ती ढवळत राहिली. मग तिनं पहिला गोळा मुफारोच्या ताटलीत घातला, वर भाजी वाढली आणि ताटली तिच्या पुढ्यात सारली.

“खा बाळा,” ती म्हणाली. “मी वाढतेय. तुझी आजी, माझी शुवाई, काही म्हणायची नाही.”

आता मी इथेच असतो. विस्तवाला अजून भितो. मित्रांनो, घर आवरा, खण जरूर आवरा, त्यात वाईट काही नाही. फक्त हातात आलेली वस्तू कोणाची आहे ते आधी विचारा, आणि सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारा.