सतरा नंबरची बाटली

दोघी बहिणींच्या वाट्याला वडिलांची इस्टेट अगदी सारखी आली होती. घर नाही, जमीन नाही, लोंबत्या पापण्या. वडील चाळिशीनंतर हनुवटी वर करून जगाकडे बघायचे, आणि पुढे दोघी लेकीही तशाच बघायला लागल्या. नवख्या माणसाला वाटे, बायका फार ताठ आहेत. प्रत्यक्षात बिचाऱ्यांना समोरचा माणूस छातीपासून वर दिसतच नसे.

दुसऱ्या कुणाचं यात फारसं अडलं नसतं. पण या दोघी रफूकाम करणाऱ्या. कोटाला कसर लागावी, शालीला खिळ्यानं भोक पडावं, आणि यांनी त्याच कापडाचे चार धागे शिवणीतून ओढून ते भोक असं बुजवावं की मालकालाही बोट ठेवून जागा सांगता येऊ नये. थोरली बावीस वर्षं त्या दुकानात होती. धाकटीला तिनंच चौदा वर्षांपूर्वी बोट धरून आणलं होतं. थोरलीचा नवरा लवकर गेला, धाकटीनं लग्न केलंच नाही, त्यामुळे दोघी दोन खोल्यांत एकत्र राहत. एका तव्यावर भाकरी, एका दोरीवर कपडे, आणि भांडणही एकच, वर्षानुवर्षं पुरवून वापरलेलं.

दुकानात खिडकीजवळ एक खुर्ची होती. उजेड काय तो तिथंच. बाकीच्या पाचजणींच्या डोक्यावर ट्यूबलाइट. त्या खुर्चीत दुकानातले म्हातारे मास्तर बसत, आणि रोज सकाळी सगळ्यांच्या सुया ओवून देणं हे त्या खुर्चीचं काम होतं. काळ्या कापडात काळा दोरा ट्यूबखाली ओवता येत नाही. मास्तर पन्नासेक सुया ओवून उशीला टोचून ठेवत आणि मग ती उशी हातोहात फिरे. मास्तरांनी काम सोडायचं ठरवलं तेव्हा त्या खुर्चीवर आता कोण, हे थोरलीला विचारायचीही गरज वाटली नाही. बावीस वर्षं ट्यूबखाली काढल्यावर ऊन काय फुकट मागतोय का आपण?

पण मालकीणबाईंना कुणाचं मन मोडायला जमत नसे. दोघी बहिणी एकदमच पापण्यांच्या ऑपरेशनची रजा मागायला गेल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्यापैकी जिचे डोळे आधी धड उघडतील, तिनं खुर्चीत बसावं. माझं काही म्हणणं नाही." एकीला निवडायचं पाप त्यांना नको होतं, म्हणून ते त्यांनी दोघींच्या पापण्यांवर सोपवलं.

थोरलीनं बहिणीकडे पाहिलं. धाकटी म्हणेल, छे हो, ताईच बसेल.  धाकटी मात्र खिडकीकडे बघत होती, हनुवटी वर करून. तिथंच थोरलीच्या पोटात पहिली कळ आली.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरबाईंनी दोघींना समोर बसवून एक गोष्ट विचारली. पापण्यांवर सुरी चालली की डोळे काळेनिळे होतात, सुजतात, आठवडा दोन आठवडे आरशात बघवत नाही. ती सूज लवकर उतरावी म्हणून एक गोळी निघाली आहे, पण ती खरंच काम करते का हे अजून ठरायचं आहे. म्हणून काही जणांना खरी गोळी आणि काही जणांना नुसत्या पिठाची, दिसायला हुबेहूब. कुणाला कुठली, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसणार. बाटलीवर फक्त नंबर. नंबरांचा कागद दुसरीकडे, पाकिटात, कुलपात. येता का तुम्ही यात? दोघींनी सह्या केल्या. थोरलीला सतरा नंबरची बाटली मिळाली, धाकटीला अठरा. दिवसातून तीन गोळ्या, सात दिवस. दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा थोरली म्हणाली, काही नाही.

ती खोटं बोलली नव्हती. गुडघ्याच्या दुखण्याची एक गोळी ती सात वर्षं रोज सकाळी चहाबरोबर घेत होती, पण चहाबरोबर जे घेतात त्याला औषध म्हणावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. ती गोळी साखरेच्या डब्याशेजारी असे, आणि तिच्या हिशेबी साखरेच्याच जातीची होती.

ऑपरेशन झालं. डोक्याखाली दोन दोन उशा, डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या, वाकायचं नाही, चोळायचं नाही. दोघी एकाच खोलीत दोन खाटांवर पडल्या. धाकटीच दर तासाला उठून दोघींच्या घड्या बदले. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं आरसा घेतला. दोन जांभळी वांगी, त्यांच्यात एकेक फट. धाकटीला विचारलं, तुझं कसं आहे? धाकटी म्हणाली, "आहे आपलं." तिच्या त्या आवाजावरूनच थोरलीला कळलं की तिचं बरं आहे.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात फोटो काढायचे होते. नर्सबाईंनी धाकटीचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, वा, किती छान उतरलंय, कडेला पिवळंसुद्धा पडायला लागलं. मग थोरलीकडे वळल्या आणि म्हणाल्या, होईल, होईल, वेळ लागतो. तो "होईल" थोरलीच्या असा काही जिव्हारी लागला, की घरी येईपर्यंत बसमध्ये ती त्याच्याशीच भांडत होती.

माणसाच्या मनात मत्सर शिरला की तो एकटा येत नाही, सगळा जुना संसार घेऊन येतो. लहानपणी पिवळी रिबीन धाकटीला मिळाली होती, ती आठवली. आई धाकटीच्याच हातचा चहा मागायची, तेही आठवलं. वडील गेले तेव्हा त्यांचं डोकं धाकटीच्या मांडीवर होतं, आणि थोरली औषध आणायला गेली होती. देवानं वाटणी करताना नेहमी आपल्याला आधी पाठवलं आणि हिला चांगलं दिलं. आता ही गोळीसुद्धा. खरी गोळी अठरा नंबरात होती, यात थोरलीला तिळमात्र शंका उरली नाही. सतरामध्ये पीठ. बावीस वर्षं पीठ.

दुपारी धाकटी अंघोळीला गेली. नळाचा आवाज सुरू झाला तशी थोरली उठली. दोन वाट्या घेतल्या, दोन्ही बाटल्या त्यात ओतल्या आणि सतराची वाटी अठराच्या बाटलीत, अठराची सतराच्या बाटलीत रिकामी केली. गोळ्या इतक्या सारख्या होत्या की क्षणभर तिलाच वाटलं, आपण काही केलंच नाही. झाकणं लावताना तिचे हात थरथरत नव्हते. रफू करणाऱ्या बाईचे हात कधी थरथरत नाहीत. याचीच तिला नंतर सर्वांत जास्त लाज वाटायची होती.

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना गुडघ्याची गोळी सापडेना. डब्याशेजारी नाही, डब्यामागे नाही. धाकटी म्हणाली, संपली असेल, आणते मी दुकानातून. पण ती आणायला विसरली. पाचव्या दिवशीही विसरली. गुडघा ठणकत होता, पण थोरलीला त्याचं काय, तिचे डोळे उघडत होते! वांग्यांची बोरं झाली, बोरांच्या नुसत्या कडा उरल्या. सहाव्या दिवशी तिला हनुवटी न उचलता भिंतीवरचं घड्याळ दिसलं, तास काटा, मिनिट काटा, वर चिकटलेली पालसुद्धा. इतक्या वर्षांत ही पाल आपल्याकडे बघतेय आणि आपल्याला पत्ताच नाही, म्हणून तिला हसू आलं.

मग तिनं धाकटीकडे बघितलं. धाकटीचं उतरायचं थांबलं होतं असं तिला वाटलं. होतं की नव्हतं, देव जाणे; चोराच्या मनात चांदणं. धाकटी मात्र घड्या बदलतच होती, आधी ताईच्या, मग स्वतःच्या. थोरलीला ती गार घडी डोळ्यांवर टेकली की आता अंगावर काटा यायचा. नको म्हटलं तर का म्हणून विचारेल. हो म्हटलं तर सहन होत नाही.

सातव्या दिवशी टाके काढायचे होते. थोरलीनं आरशात आपले टाके बघून, बरे घातलेत, जरा ढिले आहेत, असा शेराही मारला होता. डॉक्टरबाई मात्र खुशीत होत्या. त्यांनी तिसऱ्या दिवशीचे फोटो आणि आजचे डोळे शेजारी ठेवून पाहिले. सतरा नंबर बघा, त्या नर्सबाईंना म्हणाल्या, तीन दिवस काहीच फरक नाही आणि मग एकदम उतरलं. हे लिहून ठेवायला हवं. असे दोनचार निघाले तर ही गोळी किती दिवस द्यायची, तेच बदलावं लागेल. मग नेहमीचा प्रश्न विचारला, दुसरं काही औषध घेतलं का?

"काही नाही," थोरली म्हणाली.

धाकटीनं घसा खाकरला. "ती गुडघ्याची गोळी घ्यायची, डॉक्टर. तुमच्या कागदावर मागच्या बाजूला यादी आहे ना, काय काय घ्यायचं नाही त्याची? ती मी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचली. मग मी तिची गोळी लपवली. सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, हट्टी आहे."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. ती गोळी रक्त पातळ करते, म्हणूनच तर डोळे इतके काळे पडले होते. हिनं लपवली म्हणून उतरले. मग त्या हसल्या आणि थोरलीला म्हणाल्या, नशीबवान आहात, अशी बहीण आहे.

थोरलीच्या समोर ते दोन फोटो होते, सतरा आणि अठरा. एकाच दिवशी, एकाच घरात, एकीनं गोळी लपवली होती आणि दुसरीनं बाटल्या बदलल्या होत्या. तिला गप्प बसता आलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण डॉक्टरबाईंनी पेन उघडलं आणि सतरा नंबरपुढे, सातही दिवस याच बाटलीतल्या गोळ्या, असं लिहायला घेतलं. ते बघून तिला दिसलं की आपलं खोटं आता दवाखान्यातून बाहेर पडणार. कुठल्या कुठल्या खाटांवर डोळे मिटून पडलेल्या माणसांच्या उशाशी ते जाऊन बसणार. चुकीचा टाका उसवावा लागतो. वरून दुसरा घालून तो झाकत नाही.

"लिहू नका," ती म्हणाली. "बाटल्या मी बदलल्या. तिसऱ्या दिवशी. हिच्या गोळ्या मी खाल्ल्या."

 डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण घातलं. रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज कोरडा झाला. दोघींचेही नंबर आता बाद, एवढंच त्या म्हणाल्या. कुणाच्या बाटलीत काय होतं, असं थोरलीनं चाचरत विचारलं, तर ते पाकीट सगळं संपल्यावर उघडायचं आणि तेही यांच्यासाठी नव्हे, असं उत्तर मिळालं. म्हणजे ते कळायचंच नव्हतं. कदाचित दोन्हींत पीठच असेल. कदाचित सतरातच औषध असेल आणि तिनं ते आपल्या हातानं धाकटीला दिलं असेल. आयुष्यभर पुरेल एवढा हा विचार तिला बक्षीस मिळाला.

बसमध्ये धाकटी खिडकीपाशी बसली आणि बाहेर बघत राहिली. चार थांबे गेले.

"खुर्ची तुला एवढी हवी होती," ती शेवटी म्हणाली, "तर बोलायचं होतंस."

"बोलले असते तर दिली असतीस?"

धाकटीनं विचार केला. "नाही," ती म्हणाली. "मलाही हवी होती. मी काय ट्यूबखाली जन्माला आले?"

थोरलीला आश्चर्य वाटलं, पण या उत्तरानं तिला बरं वाटलं. बहीण देवमाणूस नव्हती. हिच्या पोटातही कळ होती; फक्त हिनं ती घेऊन वाटीला हात लावला नव्हता, उलट ताईची गोळी उचलून ठेवली होती. थोरलीनं तिचा हात धरला. धाकटीनं तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही. घरी गेल्यावर तिनं लपवलेली गोळ्यांची पट्टी पिठाच्या डब्यातून काढली आणि टेबलावर आपटली. "आणखी आठ दिवस नाही घ्यायची. मी मोजून ठेवल्यात."

सोमवारी दोघी दुकानात गेल्या तेव्हा दोघींचेही डोळे उघडे होते. थोडा पिवळेपणा, टाक्यांच्या जागी बारीक गुलाबी रेघ. मालकीणबाई पंचाइतीत पडल्या. मग त्यांनी नेहमीप्रमाणे थोरलीला विचारलं. बावीस वर्षं खरं काय ते त्या तिलाच विचारत आल्या होत्या. कुणाचे आधी उघडले हो?

खिडकीतलं ऊन खुर्चीच्या बैठकीवर पडलं होतं. थोरलीला आता ते हनुवटी न उचलताही स्वच्छ दिसत होतं, बैठकीच्या विणीतला तुटलेला वेतसुद्धा. हे एवढं स्वच्छ दिसणं त्या घटकेला तिला नको होतं.

"हिचे," ती म्हणाली. शब्द एवढासा, पण घशातून बाहेर यायला त्यानं बावीस वर्षं घेतली.

धाकटी खुर्चीत बसली. उगाच आढेवेढे घेतले नाहीत, तू बस ताई वगैरे काही नाही. थोरली आपल्या जागी ट्यूबखाली जाऊन बसली, आणि पोटातली ती जुनी कळ तिच्या शेजारी येऊन बसली. ती काही गेली नव्हती. पण पहिल्यासारखी टरटरून फुगलेलीही नव्हती. बोट लावलं तर दुखत होती, एवढंच.

तासाभरात सुयांची उशी हातोहात फिरत तिच्यापर्यंत आली. काळ्या कोटासाठी काळा दोरा. तिनं एक सुई उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले, दोऱ्याला चिमटीत ओढून पाहिलं.

"मास्तर याहून बारीक दोरा घ्यायचे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"मग बदलून घे," धाकटी खिडकीजवळून, मान न वळवता म्हणाली. "तुला सवय आहे."

बाकीच्या तिघींना काही कळलं नाही. थोरलीला इतकं हसू आलं, की टाक्यांची जागा ओढली जाऊन डोळ्यांत पाणी आलं. पदरानं टिपायला गेली, तर खिडकीजवळून आवाज आला, चोळू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय. तिनं हात खाली घेतला, सुई बोटात धरली, आणि कोटाच्या बाहीवरचं भोक उजेडात ताणून बघितलं.