डिकीतले चार पाहुणे

केसरीनाथचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात दुखतं. चुलतभाऊ माझा, सहा वर्षांनी धाकटा, भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या मोटर दुरुस्त करणारा. चौऱ्याण्णव साली या पठ्ठ्यानं जुन्या फियाटचं इंजिन काढून टाकलं, गोदामातल्या ट्रॉलीची भंगारात निघालेली मोटर बसवली आणि ट्रकच्या बारा बॅटऱ्यांवर गाडी पळवली. चार बॅटऱ्या पुढे, आठ डिकीत. धूर नाही, आवाज नाही. पार काल्हेरपासून लोक बघायला यायचे.

माझं नाक्यावर टायरचं दुकान. वीस वर्षं हात काळे केले, मला बघायला कोण आलं? त्यात आमची हौसा, माझी बायको, जेवायला वाढताना रोज तेच. "केसरीभावजींचं डोकं म्हणजे डोकं हाय." मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

दोन महिन्यांत त्या गाडीचे मागचे टायर गोटा झाले, नक्षी पार घासून गेली. केसरीनाथ दुकानात आला. "हिरामणदादा, नवेच टाकले होते. असं कशानं होतंय?"

मला बघताक्षणी कळलं होतं. एक बॅटरी पस्तीस किलोची. आठ म्हणजे डिकीत चार पाहुणे कायमचे मुक्कामाला. गाडी रिकामी असली तरी ते काही उतरत नाहीत. त्या टायरना हा भार झेपणारा नव्हता. जाड टायर हवे होते, नाहीतर बॅटऱ्या कमी. सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण सांगितलं असतं तर गाडी सुधारली असती, आणि घरी कौतुक दुप्पट झालं असतं. मी म्हटलं, "आपला रस्ताच बेकार हाय." आणि तसलेच टायर पुन्हा चढवून दिले. पुढच्या खेपेलाही तेच.

वज्रेश्वरीच्या जत्रेला सकाळी गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. मागे केसरीनाथची बायको पार्वती, आणि तिच्या शेजारी नवं लुगडं नेसलेली आमची हौसा. मी आधी टायर पाहिले. पुन्हा गोटा, कडेला आतला धागा दिसायला लागलेला.

सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. पण सवय वाईट. फियाट म्हटली की चार वेळा घरघर करून मग सुरू होणार, तेवढ्यात तंबाखू मळून होईल, मग सांगू. मी डबी काढली, चुना लावला, वर पाहिलं तर गाडी वळणावर. त्या गाडीला घरघर नव्हतीच. मी ओरडलो, पण ऐकायला कोण होतं?

मोटरसायकलला जॅक आणि दोन टायर बांधून निघालो. अंबाडी गावाच्या पुढे गाडी रस्त्यातल्या मोरीच्या कठड्याला तिरकी टेकलेली, मागच्या टायरच्या चिंध्या. केसरीनाथच्या कपाळाला खोक पडलेली, पार्वती त्यावर पदर दाबून बसलेली. हौसाचं कोपर सोलटलेलं.

"दादा, तू आलास," केसरीनाथ म्हणाला. "तुला कसं कळलं?"

हौसा माझ्या मोटरसायकलला बांधलेले टायर बघत होती. थाप मारायची तर काय मारणार?

"मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "पहिल्या खेपेपासून. टायर बॅटऱ्यांच्या वजनानं जात होते. तुझं कौतुक मला सोसत नव्हतं."

केसरीनाथनं मान खाली घातली. "मी तर दर वेळी तुलाच विचारायला यायचो."

मला लाज वाटली. हौसाला म्हटलं, "चल, माझ्या मागे बस. घरी जाऊ."

"ठाऊक असून मला त्यात बसू दिलंत," ती एवढंच म्हणाली. समोरून भिवंडीची एसटी आली. तिनं हात केला आणि एकटीच चढून गेली.

जाड टायर मीच शोधून बसवले. गाडी पुढे चार वर्षं चालली. हौसाही घरी नीट बोलते-चालते, तक्रार नाही. फक्त कुठे गाडीनं जायचं असलं की बसण्याआधी ती टायर बघून घ्यायला सांगते. मी शेजारी उभा असतो, आणि ती सांगते केसरीनाथला.