चार नकाशांचा कोपरा

भूगोल विभागात नदीखोऱ्यावर आजवर एकेचाळीस प्रबंध झाले होते. बेचाळिसावा या नव्या विद्यार्थिनीनं लिहावा, अशी तिच्या मार्गदर्शक सरांची इच्छा होती. खोऱ्यात डांबरी रस्ता होता, विश्रामगृह होतं, मागच्यांनी जमवलेली माहिती आयती होती. नदी बिचारी इतक्यांदा मोजून झाली होती की एव्हाना तिलाही स्वतःची लांबी पाठ झाली असेल.

हिला मात्र मावशीच्या गावावर काम करायचं होतं. विषयाचे अर्ज संध्याकाळी पाचला बंद होणार होते. सरांनी सही केली नाही, तर पुढची तीन वर्षं नदीच्या काठी.

"पण तिथं आहे काय?" सर सकाळी म्हणाले होते. "काही असतं, तर इतक्या वर्षांत कुणी गेलं नसतं का?"

ती तडक नकाशाघरात गेली. तिथल्या काकांनी गावाचं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ते बरोबर चार नकाशांच्या कोपऱ्यावर येतं. आणि नियम काय, तर एका वेळी एकच नकाशा द्यायचा. कोण पडतंय त्या भानगडीत!"

"आज आपण पडू या ना, काका."

काका कुरकुरले, पण नियमाला बगल देऊन त्यांनी चारही नकाशे काढले. त्यांतला नदीचा नकाशा हाताळून हाताळून मऊ पडला होता, घड्यांवर चिकटपट्ट्या होत्या. बाकीचे तीन मात्र कोरे करकरीत. टेबल पुरेना, म्हणून काकांनी ते जमिनीवर पसरले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात डोंगराची एक वाकडी रेघ होती, दुसऱ्यांदा बघावी अशी नव्हेच. काकांनी कडेला कड भिडवली.

रेघा जुळल्या. डोंगरांचं अख्खं गोल कडं समोर आलं, कुठंही न तुटलेलं, आणि मधोमध मावशीचं गाव. "आमचं गाव ताटात वाढलंय," असं मावशी म्हणायची आणि सगळे तिला हसायचे. एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं कपाटात चार तुकड्यांत पडून होतं!

तिनं धावत जाऊन सरांना आणलं. "पाचच मिनिटं हं," म्हणत ते आत आले, आणि दारातच थबकले. मग चपला काढून ते गुडघ्यांवर बसले. नदीच्या नकाशावरच्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं आणि कागदाच्या कडेपर्यंत नेलं.

"माझा प्रबंध याच नकाशावरचा," ते हळूच म्हणाले. "मी लिहिलंय, डोंगररांग इथं संपते."

बोट कडेवर थांबलं होतं. मग ते पलीकडे सरकलं. दुसऱ्या नकाशावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून चौथ्यावर, आणि फिरून निघालं होतं तिथंच आलं. सरांचे डोळे भरले होते.

पाचला दहा मिनिटं असताना त्यांनी जमिनीवरच अर्ज ठेवून सही केली.

"तुझ्या मावशीला विचार," ते म्हणाले, "आम्ही इतक्या उशिरा आलेलं चालेल का?"